आंबोलीस जावे ते मुक्कामास

बेळगावहून आंबोली पाऊणशे किलोमीटरांच्या आत. त्यामुळे पावसाळा लागला, की मोटारींची रांग तिकडे वळते. धबधब्याखाली भिजावे, भाजलेले कणीस खावे, छायाचित्रे काढावीत आणि अंधार पडल्यावर परतीची वाट धरावी, अशी ही सहल. तिच्यात आनंद नाही, असे कोण म्हणेल? परंतु शालेय सहलीनेही हाच कित्ता गिरवावा, हे आम्हांस मान्य नाही. विद्यार्थ्यांनी आंबोलीस दोन रात्री मुक्काम करावा आणि पायी हिंडावे.

धावत्या गाडीतून भूगोल कळत नाही. या एकाच डोंगरमाथ्यावरचे पाणी दोन दिशांना जाते. धबधब्यांचे पाणी कोकणात उतरून अरबी समुद्रास मिळते. हिरण्यकेशी मात्र पूर्वेस वळून आजरा, गडहिंग्लज व संकेश्वर या वाटेने घटप्रभेस आणि घटप्रभा पुढे कृष्णेस मिळते. आपल्या जिल्ह्यातून वाहणाऱ्या नदीचा उगम पायी जाऊन पाहण्यासारखा दुसरा पाठ कोणता? त्याच उगमस्थानी सापडलेल्या माशाच्या नव्या जातीची २०२० साली शास्त्रात नोंद झाली, आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने त्या स्थळास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आंबोलीचेच नाव लाभलेला, इंच-दीड इंचाचा एक भेक या परिसरात राहतो. त्याची शास्त्रीय ओळख २००९ साली पटली; आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. जांभ्या दगडाच्या सड्यावर साचलेल्या उथळ पाण्यात त्याची पिले वाढतात. पावसाळी रात्री असे जीव रस्त्यावर येतात आणि चाकांखाली चिरडले जातात. ज्या निसर्गाच्या दर्शनास आपण जातो, त्याचाच बळी आपल्या परतीच्या घाईने घ्यावा काय?

मुक्कामास खर्च अधिक व जोखीम मोठी, असा आक्षेप येईल. तंबूंची छावणी हिवाळ्यात भरवावी, स्वयंपाक विद्यार्थ्यांनीच करावा. खर्च आटोक्यात राहतो आणि अंगी स्वावलंबन येते. पावसाळ्यात जायचे, तर पक्क्या छपराखाली उतरावे, सड्यावर तंबू ठोकू नयेत. गाडी दिवसाउजेडी पोहोचावी व दिवसाउजेडीच परतावी. नेलेला कचरा मुकाट्याने परत आणावा.

पुढील सहलीचा विचार करताना शिक्षकांनी व पालकांनी एवढे मनावर घ्यावे, ही विनंती.