मालक जंगल खातं, पंचही जंगल खातं



या पावसाळ्यात पाड्यापाड्यात नोटिसा आल्या. दावा अमान्य. कारण एकच, दोन शब्दांचं : पुरावा अपुरा. नोटीस देणाऱ्या साहेबांशी भांडण आहेच, ते मोर्चात होईल. हा लेख साहेबांसाठी नाही. तो आपल्यातल्या त्या माणसांसाठी आहे जे नोटीस हातात आल्यावर म्हणायला लागले, "साहेबांचं पण बरोबरच आहे. कागद नाही तर हक्क कसला?"

त्यांना एका गावाची हकीगत सांगतो. गाव आपल्याकडचं नाही. इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात आयर्लंड नावाचं बेट आहे, तिथलं आहे. पण ज्या राणीच्या नावानं आपल्या जंगलाला सरकारी जंगल ठरवलं, तीच राणी त्या गावाची जमीनदार होती. म्हणून ही हकीगत परकी नाही.

आयर्लंडात जमिनीची सगळ्यात लहान नोंद टाउनलँडची असते. आपल्याकडे पाडा आणि त्याचं शिवार, तसं. ओढा, बांध, डोंगराची धार अशा जुन्या खुणांनी हद्द ठरलेली. देशभरात असे सुमारे 61 हजार टाउनलँड आहेत. कितीतरी नावांच्या पुढे 'बॅली' लागतं. तो त्यांच्या भाषेतला 'बाल्य' शब्द, म्हणजे वस्ती. आपल्याकडे नावामागे पाडा लागतो तसं. इंग्रज मोजणीवाले आले आणि त्यांनी ही नावं आपल्या कानाला आली तशी इंग्रजीत लिहून टाकली. आपल्या पाड्यांची नावं नकाशावर ओळखू येत नाहीत, त्याचं कारण निराळं नाही.

तिथे जमीन कसणारा आणि जमीन ज्याच्या नावावर तो, हे दोन वेगळे का झाले? सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रजांनी लढाया करून जमिनी जप्त केल्या आणि आपल्या सरदारांना, शिपायांना, सावकारांना वाटल्या. कसणारे तिथेच राहिले, पण एका रात्रीत कूळ झाले. पुढच्या पिढ्यांनी आपल्याच शेताचा खंड भरला. बऱ्याच जणांकडे कराराचा कागद नव्हता. मालकाची मर्जी असेपर्यंत राहायचं, एवढाच आधार.

बॅलीकिलक्लाइन

रॉसकॉमन जिल्ह्यात किलग्लास परगण्यात बॅलीकिलक्लाइन नावाचा टाउनलँड आहे. साधारण 600 एकर. 1840 च्या सुमाराला त्यात पाचशेच्या आसपास माणसं राहत होती. 600 एकरात पाचशे माणसं म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. बाप मुलांना तुकडा तोडून द्यायचा, मुलगा त्याच्या मुलाला. कोपऱ्यात बहीण, विधवा भावजय, एखादा भूमिहीन गडी खोपटं घालून राहायचा. बटाटा होता म्हणून जगत होते. एक-दीड एकर बटाट्यावर घर वर्षातले बरेच महिने निघायचं.

या गावाचा मालक होता इंग्लंडचा राजमुकुट. म्हणजे सरकार. आणि सरकारी जमिनीचा कारभार लंडनच्या ज्या खात्याकडे होता त्याचं नाव ऐका : 'वन आणि जंगल खातं'. शेतं होती, घरं होती, पाचशे माणसं होती, आणि मालक जंगल खातं!

आधी कित्येक वर्षं सरकारनं हे गाव माहोन नावाच्या जमीनदार घराण्याला खंडानं दिलं होतं. 1834 साली तो करार संपला. मधला जमीनदार गेला आणि सरकार थेट मालक म्हणून समोर आलं. तेव्हा गावानं ठरवलं, खंड भरायचा नाही. एक नाही, दोन नाही, बारा वर्षं गावातल्या बहुतेक घरांनी खंड भरला नाही. नोटीस घेऊन येणाऱ्याला पोलीस बंदोबस्त लागायचा. काही घरं सरकारनं मोकळी करून घेतली, माणसं परत येऊन राहिली. गाव अडाणी होतं असं म्हणू नका. त्यांनी वकील दिला, खटला लढवला, सरकारला अर्जावर अर्ज केले.

आता कोर्टातली गंमत बघा. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात राजाच्या जमिनीवर बसलेल्या माणसावर जो दावा लावायचे त्याचं नावच 'घुसखोरी'. माणूस आज आला की त्याचा पणजा तिथे पुरलाय, हा प्रश्नच नाही. जमीन राजाची, म्हणजे तू घुसखोर. आपल्याला 'अतिक्रमणदार' म्हणतात तेव्हा हाच जुना शब्द आपल्या भाषेत बोलतात. मालक सरकार. खटला घालणारं सरकार. निकाल देणारं कोर्ट सरकारचं. आणि पुरावा म्हणून चालणारा कागद, तोही सरकारच्या कपाटातला.

1845 साली बटाट्यावर रोग पडला. पीक शेतात काळं पडून सडलं. पुढची वर्षं दुष्काळाची. सगळ्या आयर्लंडात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. 1841 च्या मोजणीत देशाची लोकसंख्या 81 लाखांवर होती, 1851 ला ती 65 लाखांवर आली. अशा काळात, 1847 मध्ये, सरकारनं एक कायदा केला. ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत नाही. म्हणजे पोरांना पेज पाहिजे तर जमीन सोड. जमीन पाहिजे तर मर.

त्याच 1847 मध्ये बॅलीकिलक्लाइनचा निकाल लागला. सरकारनं सांगितलं, गुपचूप ताबा सोडा, घरं पाडू द्या, मग न्यूयॉर्कचं जहाजाचं भाडं आम्ही भरतो. 1847 आणि 1848 या दोन वर्षांत साडेतीनशेहून जास्त माणसं लिव्हरपूलमार्गे अमेरिकेला पाठवली. मागे घरं जमीनदोस्त केली. बारा वर्षं न वाकलेलं गाव उपाशी पोटानं वाकवलं. आणि वर हे सगळं दया म्हणून मांडलं : बघा, सरकारनं तिकीट काढून दिलं!

आपल्याकडे पॅकेज घेऊन कोणी आलं की ही दया आठवा.

कागद काय लिहितो, काय गाळतो

आता मूळ मुद्द्यावर येतो. कागदावर ज्यांचा विश्वास बसलाय त्यांनी नीट वाचावं.

आयर्लंडात जमिनीचे दोन मोठे कागद आहेत. एक, 1823 ते 1837 मध्ये चर्चचा कर बसवायला केलेल्या वह्या. दुसरा, 1847 ते 1864 मध्ये रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालेली आकारणी. आज तिथली माणसं आपला आजा-पणजा कुठे राहत होता हे शोधायला याच वह्या उघडतात. त्यात रकाने आहेत : ताबा कोणाचा, वरचा मालक कोण, घर की जमीन, क्षेत्र किती, किंमत किती. छान वाटतं. पण ही वही कर गोळा करायला केलेली होती, माणसं मोजायला नाही. म्हणून एका घरातलं एकच नाव. बायकोचं नाव नाही. बाई दिसते ती बहुतेक नवरा मेल्यावर. मुलं नाहीत, म्हातारी आई नाही. चर्चच्या करवहीत तर शेतजमीन नसलेला गडी मुळातच नाही.

आणि ग्रिफिथची माणसं रॉसकॉमनात पोचली तोपर्यंत दुष्काळ होऊन गेला होता, जहाजं निघून गेली होती. पाडलेल्या घराची आकारणी कोण करणार? ती वही एकटी समोर ठेवली तर कोणीही म्हणेल, इथे फारशी वस्ती नव्हतीच. पुरावा अपुरा!

मग घरातलं प्रत्येक माणूस मोजणारी जनगणना नव्हती का? होती. 1821, 1831, 1841, 1851. ते कागद 1922 च्या यादवी युद्धात डब्लिनच्या दप्तरखान्याला आग लागली त्यात बहुतेक जळाले. 1861 ते 1891 च्या चार जनगणनांचे कागद तर सरकारनंच नष्ट केले. त्यातले शेवटचे दोन पहिल्या महायुद्धात रद्दी म्हणून लगद्यात घातले. सगळ्या देशाची घरवार जनगणना हाताला लागते ती 1901 आणि 1911 ची.

कागद सांभाळणं हे सरकारचं काम. ते सरकारनं केलं नाही, तर शिक्षा कसणाऱ्याला का? आपल्या आजानं फॉरेस्टच्या गार्डाला दंड भरला, कोंबडी दिली, वेठ केली. पावती दिली का गार्डानं? दिली असेल तर खोपट्याच्या कुडात वाळवीनं खाल्ली. तिची दुसरी प्रत कुठे असायला पाहिजे? ज्यानं दंड घेतला त्याच्याच दप्तरात. तो आपल्याला विचारतो, कागद कुठाय!

म्हाताऱ्यांची साक्ष

"पण तोंडी सांगण्याला सरकार कसं मानेल?" असं विचारणाऱ्यांनी पुढचं ऐका.

1908 साली इंग्रज सरकारनं वृद्धांना पेन्शन द्यायचा कायदा केला. 70 वर्षं पुरी पाहिजेत. आयर्लंडात सगळ्यांची जन्मनोंद सुरू झाली 1864 मध्ये. म्हणजे पेन्शन मागणाऱ्या एकाही म्हाताऱ्याकडे सरकारी जन्मदाखला असणं शक्य नव्हतं. मग काय केलं? एक तर सरकारनं स्वतःच्या दप्तरातून 1841 आणि 1851 च्या जनगणनेची नावं शोधून दिली. तेव्हा ते कागद जळायचे होते. दुसरं, 6 जानेवारी 1839 च्या रात्री आयर्लंडात भयंकर वादळ झालं होतं. घरं उडाली, गंजी उडाल्या. 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणून ती सगळ्यांच्या तोंडी होती. ज्याला ती रात्र आठवते तो सत्तरीचा, असं धरून अर्ज मंजूर झाले.

म्हणजे त्याच इंग्रज सरकारनं म्हाताऱ्यांची आठवण पुरावा म्हणून धरली. आपल्याकडेही मोठा दुष्काळ, पटकीचं साल, देवीची साथ, अमुक धरणाची भिंत बांधली ते साल, असंच वय आणि काळ सांगतात. हे अडाणीपण नाही, ही मोजणीच आहे.

आणि आपला कायदा तर आणखी पुढे गेलाय. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब आहे. घर, खोपटं, बांध, सपाट केलेली जमीन या जमिनीवरच्या खुणाही आहेत. 2012 च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की अमुकच कागद आणा असा हट्ट उपविभागीय आणि जिल्हा समितीला धरता येणार नाही. मग कागद नाही म्हणून दावा फेटाळणारा कायदा पाळतोय की मोडतोय?

बॅलीकिलक्लाइनला दीडशे वर्षांनी पुरातत्त्ववाल्यांनी खोदलं. पाडलेल्या घरांच्या जागी चुलीच्या राखेबरोबर चांगल्या चिनी मातीच्या बशांचे तुकडे निघाले. ज्यांना सरकार घुसखोर म्हणत होतं त्यांचा संसार जमिनीनं दाखवला. आपला बांध, आपली विहीर, आजीनं लावलेला आंबा अजून जमिनीच्या वर आहे. खोदायची वेळ येऊ देऊ नका.

हरले, मग कशाला सांगतो?

कोणी म्हणेल, ते गाव तर हरलं. खरंय, हरलं. ते एकटं लढलं. नंतर काय झालं तेही ऐका.

मेयो जिल्ह्यातल्या मायकेल डेव्हिट या पोराच्या घरच्यांना 1850 मध्ये घराबाहेर काढलं. इंग्लंडच्या गिरणीत कामाला लागलेला असताना अकराव्या वर्षी त्याचा हात तुटला. त्याच डेव्हिटनं 1879 मध्ये मेयोत सभा उभ्या केल्या आणि त्याच वर्षी लँड लीग निघाली. आता एक टाउनलँड नव्हता, हजारो होते. हाकललेल्याची जमीन दुसऱ्यानं घ्यायची नाही. घेतली तर त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं पीक कापायचं नाही. 1880 मध्ये बॉयकॉट नावाच्या मॅनेजरवर हे चालवलं. त्याचं पीक काढायला बाहेरून मजूर आणि पहाऱ्याला फौज आणावी लागली. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला. 'बॉयकॉट' हा शब्द त्याच्याच नावावरून जगभर गेला.

1881 मध्ये खंड ठरवायला कोर्ट मिळालं, 1903 च्या कायद्यानं जमीनदारांची जमीन कुळांकडे जायला लागली. 1870 च्या सुमाराला कसणाऱ्यांत मालक शंभरात तीन होते. पुढच्या पन्नास वर्षांत बहुतेक मालक झाले. फुकट नाही. आपल्याच बापजाद्यांच्या जमिनीचे हप्ते भरले, ते पण साठ-साठ वर्षांच्या मुदतीचे.

पण जमीन मिळाली कोणाला? ज्याचं नाव कूळ म्हणून वहीत होतं त्याला. खोपट्यातला गडी, दुष्काळात हाकललेला, जहाजात बसवलेला, त्याला काही नाही. यादीच्या बाहेर राहिला तो विजयाच्या दिवशीही बाहेरच राहिला.

म्हणून वनहक्क समित्यांना सांगणं आहे :

सरकारच्या यादीची वाट बघू नका. ग्रामसभेनं स्वतःची वही करावी. घरवार, माणूसवार. बायकांची नावं पहिल्यांदा लिहा, कारण कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं आहे आणि एकट्या बाईचा तिच्या नावानं. वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेलं घर मोजणीच्या दिवशी बंद दिसलं म्हणून गाळू नका.

म्हातारे-म्हाताऱ्या आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या. कोणतं शेत कोणी फोडलं, कोणत्या सालच्या कोणत्या घटनेच्या वेळी, सगळं. शेजारच्या गावचेही जबाब घ्या. अंगठा, तारीख, ग्रामसभेचा ठराव.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. 60 दिवसांत वर अपील करा. मुदत एकाचीही चुकू नये, एकाची चुकली तर ती पाड्याची चूक.

ताबा सोडल्याच्या कागदावर कोणीही एकट्यानं सही-अंगठा करायचा नाही. जे असेल ते ग्रामसभेसमोर आणायचं. आणि जंगलाचा सामूहिक दावा प्लॉटच्या दाव्याबरोबरच टाकायचा. प्लॉट मिळाला आणि गुरं चारायला, लाकूडफाट्याला, मोहाला जंगल गेलं, तर प्लॉटवर जगणार किती दिवस?

ज्यांना अजून वाटतं कागद नाही म्हणून हक्क नाही, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत येऊन हे सगळ्यांसमोर बोलावं. आपण बसून बोलू. पण त्याआधी घरातल्या म्हातारीला विचारून यावं की आपलं शेत कोणी फोडलं.

जिंदाबाद!