सोडलेलं बी गेलं कुठं?



शेततळ्यात मत्स्यबीज सोडलं की दुसऱ्या दिवसापासून घरातलं एकेक माणूस काठावर जाऊन वाकून बघतं. कारभारी सकाळी, कारभारीण दुपारी, आणि पोरं शाळेला जाता-येता. पाणी मात्र गप्प. टाकलेली पेंड तशीच तरंगते. मग घरात बोलणं सुरू होतं. 'बी मेलं वाटतं.' 'दुकानदारानं फसवलं वाटतं.' 'अजून दोन घमेली पेंड टाका, म्हणजे वर येतील.'

या तिसऱ्या बोलण्यापाशी जरा थांबा. काळजीपोटी टाकलेली ही जादा पेंडच पुष्कळदा पिलांच्या जिवावर उठते.

बाजारातून आणलेली शेळीसुद्धा नव्या दावणीला पहिल्या दिवशी पाल्याला नीट तोंड लावत नाही. मासळीचं पिलू तर तिच्याहून नाजूक. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून प्रवासाआधी त्याला उपाशी ठेवतात. मग प्राणवायू भरलेल्या पिशवीत धक्के खात ते तुमच्या शिवारात येतं. पाणी नवं, ऊन नवं. ते खोल कोपरा धरून बसणारच. हे रुसणं नव्हे, भेदरणं आहे.

म्हणून सोडतानाच घाई करू नका. वेळ सकाळची किंवा सांजेची धरा, भर उन्हाची नको. पिशव्या न उघडता पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईल. मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या. शेवटी पिशवी आडवी करा आणि पिलं आपली आपण बाहेर पडू द्या. ओतू नका. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी जसं, तसं त्याचं अंग. एकदम बदल झाला की ते गळाठतं.

पहिल्या दिवशी पेंड नको. मग पिलांनी खायचं काय? त्याची तजवीज आधी करायची असते. बी आणण्याच्या साधारण पंधरा दिवस आधी शेण पाण्यात कालवून तळ्यात सोडलं की बारीक शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. तेच पिलांचं पहिलं अन्न. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात माती नसते, तिथं तर ही तयारी हवीच. पारख सोपी आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. त्या सुमाराला तळवा दिसेनासा झाला तर पाणी जमलं. त्याआधीच दिसेनासा झाला तर हिरवेपणा जास्त. शेण बंद करा. कोपर बुडूनही तळवा स्वच्छ दिसला तर अन्न कमी आहे, बी आणायची घाई नको.

दुसऱ्या दिवसापासून थोडी पेंड सुरू करा. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग घेऊन भिजवा, गोळे करा. १००० पिलं असतील आणि एकेक १० ग्रॅमचं असेल, तर सारं वजन १० किलो. त्याच्या शेकडा ३ म्हणजे दिवसाला ३०० ग्रॅम. सुरुवात त्याच्याही निम्म्यानं करा. जुना पसरट थाळा दोऱ्यांनी बांधून हातभर खोल सोडा आणि गोळे त्यात ठेवा. दोन तासांनी हळूच वर काढून बघा. थाळा रिकामा असेल तर उद्या थोडं वाढवा. उरलं असेल तर काढून टाका आणि उद्या कमी द्या. उरलेलं अन्न तळाशी कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. जागा एकच, वेळ एकच, आणि जमलं तर माणूसही एकच. हळूहळू पिलं त्या वेळेला त्या जागी गोळा होऊ लागतात.

आता 'दिसत नाहीत' याविषयी. कटला वरच्या थरात वावरतो, रोहू मधल्या, आणि मृगळ तळाशी. मृगळ तुम्हाला दिसणार कसा? मासा न दिसणं ही भिण्याची गोष्ट नाही. उलट पहाटे सगळेच मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले, तर हरखून जाऊ नका. पाण्यातला प्राणवायू संपत आल्याची ती खूण आहे. रात्री शेवाळही प्राणवायू घेतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. पेंड आणि शेण लगेच थांबवा, आणि पंप लावून ताजं पाणी उंचावरून तळ्यात पडू द्या.

एवढी जपणूक का, तर कटला, रोहू, मृगळ साचलेल्या तळ्यात आपोआप वीत नाहीत. पूर्वी त्यांचं बी नदीच्या पुरातून गोळा करत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांना सुई टोचून या माशांची वीण घडवण्यात यश आलं, तेव्हापासून केंद्रावर बी तयार करण्याची वाट खुली झाली. पण आपल्या तळ्यातलं बी गेलं की नवं विकतच आणावं लागतं, आणि हंगाम निघून गेलेला असतो.

आणखी एक. प्लॅस्टिकचा काठ भारी निसरडा. मासे बघायच्या नादात पोरं एकटी जाऊ देऊ नका. कुंपण घाला, आणि काठाच्या खुंटीला दोरी बांधून हवा भरलेली ट्यूब पाण्यात कायम सोडलेली असू द्या. मासळीचं बी पुढच्या साली पुन्हा आणता येईल.