सिरमचं लेबल स्कॅन केलंत, पण ॲपला सगळं कळतं का?

जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने मिनिमलिस्टचा ९०.५ टक्के हिस्सा घेण्याची घोषणा केली. म्हणजे बाटलीवर ॲसिडची टक्केवारी ठळक छापणारे ब्रँड आता मोठ्या कंपन्यांच्या घरात आलेत. मग वडखळ नाक्यावर उभ्या-उभ्या एक्सफोलिएटिंग सिरम मागवताना काय बघायचं?

कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात; बाकीचे कसेही चालतात. स्कॅनर ॲप हीच यादी वाचतं. यादीत नेमकं प्रमाण नसतं, पीएचही नसतो. खरी गोम तिथेच आहे. पीएच ३.८ च्या आसपास निम्मंच ग्लायकॉलिक ॲसिड मोकळं असतं. पीएच त्याहून खाली गेला की ते जास्त काम करतं, आणि जास्त झोंबतंही. म्हणून १० टक्क्यांच्या दोन बाटल्या सारख्या नसतात.

घरी वापरायला १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच किमान ३.५, ही अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीची मर्यादा. या ॲसिडने त्वचा उन्हाला हळवी होते, तेव्हा अलिबागपर्यंत बाईकवर जाणार असाल तर सनस्क्रीन हवंच. बाटलीवर दोन्ही आकडे नसतील, तर ॲपच्या हिरव्या टिकवर विसंबू नका.