फॉरमॅट करण्याआधी थांबा!

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. रात्रीचा दीड वाजला होता. माझ्या रूम पार्टनरच्या लॅपटॉपवर उबुंटू होतं आणि तिला 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळायचं होतं. "त्यात काय, ड्युअल बूट करू!" मी म्हटलं. विंडोजचा इन्स्टॉलर लिनक्सच्या पार्टिशनचं नाव दाखवत नाही, समोर नुसते आकडे येतात. मी मोठ्या कॉन्फिडन्सने त्यातल्या एका ओळीवर 'डिलीट' दाबलं. सकाळी सबमिट करायचा तिचा मिनी प्रोजेक्ट नेमका तिथेच होता. बॅकअप? विचारू नका! ती मला एक शब्दही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय. गेमसाठी कुणीही आपल्या डिस्कला हात लावू नये. त्याची गरजच नसते.

मग गेम खेळायचा कसा? पहिला रस्ता म्हणजे व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक खोटा कॉम्प्युटर तयार करायचा आणि त्याच्या आत विंडोज टाकायचं. त्याची 'हार्ड डिस्क' म्हणजे आपल्या डिस्कवरची एक साधी फाइल. आत काहीही डिलीट करा, बाहेरचा प्रोजेक्ट शाबूत!

आम्ही हे करून पाहिलं. आधी लिस्टमध्ये ६४-बिट विंडोज दिसेचना. कारण शोधायला एक रात्र गेली. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचं सेटिंग बंद होतं. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये ही सोय थेट प्रोसेसरमध्ये दिली, त्यामुळे आतल्या विंडोजच्या बहुतेक सूचना खऱ्या प्रोसेसरवर जवळजवळ पूर्ण वेगाने चालतात. सेटिंग चालू केलं, विंडोज आलं, गेमही आला. पण आमचे शेतकरी बेरी तोडायला निघाले ते मेस बंद व्हायची वेळ झाली तरी पोचेनात!

असं का? प्रोसेसर खरा मिळाला तरी ग्राफिक्स कार्ड मिळत नाही. आतल्या विंडोजला एक खोटं कार्ड दिसतं आणि चित्र काढायची प्रत्येक सूचना मध्यस्थामार्फत बाहेर येते. शिवाय आठ जीबी रॅममधली चार पाहुण्याला दिली की यजमान उपाशी! दुसरं ग्राफिक्स कार्ड थेट आतल्या मशीनला देता येतं, त्याला 'पासथ्रू' म्हणतात. पण ते आपल्या साध्या लॅपटॉपचं काम नाही.

दुसरा रस्ता मला जास्त पटला. वाइन! हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं. यात विंडोज नसतंच. गेम विंडोजकडे जे मागतो, ते वाइन लिनक्सच्या भाषेत सांगते. म्हणजे दुभाष्या म्हणा ना! वाल्व कंपनीने २०१८ मध्ये त्यावरच 'प्रोटॉन' काढलं. त्यात डायरेक्टथ्रीडीच्या सूचना व्हल्कनमध्ये बदलून खऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे जातात. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं यंत्रही असंच, लिनक्सवर विंडोजचे गेम चालवतं. रूम पार्टनरच्या लॅपटॉपवर आमचे शेतकरी आता पळतात!

मॅकवाल्यांचं दुखणं वेगळं. २०२० च्या एम१ पासून त्यांचा प्रोसेसरच एआरएम जातीचा झाला, त्यामुळे त्यावर बूट कॅम्प चालत नाही. तिथे सूचनाही भाषांतरित कराव्या लागतात आणि ग्राफिक्सही. ॲपलने २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिट आणलं, त्यातही वाइनचाच कोड आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल हिला सगळं गोडच दिसतं. काही ऑनलाइन गेम्सचं अँटी-चीट लिनक्सवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालूच देत नाही. तिथे इलाज नाही, गेम सोडून द्या. व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजलाही लायसन्स लागतं, 'आत आहे, कुणाला दिसतंय' हे चालत नाही. आणि एकेका एररच्या मागे रात्री जातात. माझी एक टेस्ट त्यातच गेली, हे कबूल करते.

तरीही स्टाफला एक विनंती. "गेम खेळणारी मुलं वाया गेली," असं सरसकट म्हणू नका, सर. हायपरवायझरची व्याख्या मी पाठ करून लिहिली होती. मोठ्या मेनफ्रेममध्ये अनेकांची सोय करण्यासाठी आयबीएमने व्हीएम/३७० हे १९७२ मध्ये जाहीर केलं, हेही वाचलं होतं. पण गेस्ट म्हणजे काय, होस्ट म्हणजे काय, सिस्टिम कॉल नक्की कुठे जातो, हे मला कळलं ते शेतकरी अडकले म्हणून. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबमध्ये असं एक प्रॅक्टिकल ठेवा ना! एकच प्रोग्रॅम दोन्ही रस्त्यांनी चालवायचा, वेळ मोजायचा आणि फरक का पडला ते जर्नलमध्ये स्वतःच्या शब्दांत लिहायचं. दुसऱ्याचं जर्नल उतरवून ते जमणारच नाही.

आणि हॉस्टेलच्या मित्र-मैत्रिणींनो, रात्री दीड वाजता कुणी "चल, पार्टिशन करू" म्हणालं, तर आधी पेन ड्राइव्ह शोधा, बॅकअप घ्या, मग वाइन टाकून बघा. रूम पार्टनरने मला माफ केलंय. पण तिचा लॅपटॉप अजून माझ्या हातात देत नाही... बरोबरच आहे तिचं!