‘मुलं मोठी होऊ द्या, मग काय ते करा’

नवरा-बायकोचं पटेनासं झालं की घरातली वडीलधारी हमखास सांगतात, ‘मुलांची शिक्षणं होऊ द्या, मुलगी उजवू द्या, मग काय ते करा. आत्ता घटस्फोट घेतलात तर पोरं खचतील.’ हेतू चांगला आहे, सल्ला घातक आहे.

या सल्ल्याच्या बाजूने पुरावा नाही असं नव्हे. अमेरिकेत ज्युडिथ वॉलरस्टाइन यांनी १९७१ पासून साठ घटस्फोटित कुटुंबांतल्या मुलांचा पंचवीस वर्षं मागोवा घेतला. स्वतःचं नातं जोडायची वेळ आली तेव्हा, ऐन तरुणपणी, ही मुलं पुन्हा हादरलेली त्यांना दिसली. पण कुटुंबं साठच, तीही कॅलिफोर्नियातल्या एका सुखवस्तू भागातली. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे १४०० कुटुंबं अभ्यासली. घटस्फोटितांच्या मुलांत २० ते २५ टक्क्यांना गंभीर अडचणी आल्या, इतरांत १० टक्क्यांना. धोका किमान दुप्पट, हे मान्यच. तरी चारांतली तीन मुलं सावरतात, हेही तितकंच खरं.

पॉल अमॅटो आणि ॲलन बूथ या समाजशास्त्रज्ञांचा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सतत धुमसणाऱ्या घरांतली मुलं आईवडील वेगळे झाल्यावर पुढे अधिक बरी राहिली. वरून शांत दिसणारं घर मोडलं तिथे मुलांना जबर फटका बसला. म्हणून जिथे नुसताच दुरावा आहे, तिथे शंभरदा विचार करावा. पण रोज भांडी आपटतात त्या घराला ‘थांबा’ म्हणणं म्हणजे मुलाला आणखी दहा वर्षं त्याच आवाजात झोपायला लावणं.

आणि ‘मोठं’ झाल्यावर काय होतं? ताब्याचा निकाल देताना कोर्ट अठराच्या आतल्या मुलांचा विचार करतं. एकोणीस वर्षांच्या मुलीचं मत कुणीच विचारत नाही. होस्टेलवर तिला फोन येतो, ‘बाबांना विचार, फ्लॅटचा हप्ता भरला का?’ तासाभराने दुसरा, ‘आईला सांग, लॉकरची किल्ली पाठव.’ दिवाळीला कुणाकडे जायचं, हे ठरवताना तिची झोप उडते. पेपर बुडतो, जेवण सुटतं, आणि घरचे म्हणतात, ‘ती समजूतदार आहे, तिला सगळं कळतं.’

आईबाबांनो, वेगळे व्हा किंवा एकत्र राहा, पण तिच्यामार्फत भांडू नका. ती गप्प होत चालली असेल तर तिच्याशी बोला, तिला डॉक्टरकडे न्या. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालू असतो.