“वय झालं, पडणारच” हे आता पुरे!

“डॉक्टर, आई बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलंय. वयच झालं तिचं, काय करणार!”

हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतोय आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. कारण ७५ वर्षांच्या सगळ्याच आज्यांचा खुबा मोडत नाही. ज्यांचा मोडतो, त्यांचं हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं आणि त्यात तोल जातो. या दोन्हींची कारणं बहुतेक वेळा घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. आपण ती बघत नाही. ‘आपण’ म्हणजे तुम्ही नातेवाईक आणि आम्ही डॉक्टरही.

हे साधं हाड मोडणं नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातली एक किंवा त्याहून जास्त माणसं वर्षभरात दगावतात. जी वाचतात, त्यांतल्या अनेकांना पुन्हा पूर्वीसारखं चालता येत नाही.

आता मला सांगा, तुमच्या आईचं मनगट काही वर्षांपूर्वी नुसतं घसरून मोडलं होतं का? उभ्या उभ्या पडून हाड मोडलं, तर ती ठिसूळपणाची पहिली सूचना असते. पण प्लास्टर निघालं की सगळे विसरतात. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कुणी सांगत नाही. तिचा टी-स्कोअर -२.५ किंवा त्याखाली असेल, तर तो ऑस्टिओपोरोसिस. इथे पहिला दोष आमचा, डॉक्टरांचा आहे.

“पण आम्ही कॅल्शियम देतो की!” द्या. शरीरात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते हवंच. पण ऑस्टिओपोरोसिस झाल्यावर तेवढ्यावर भागत नाही. हाडांची झीज थांबवणारी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन मिळतं. किडनी आणि दात तपासून ते सुरू करता येतं. त्याविषयी डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

दुसरी गोष्ट, घरातला गोळ्यांचा डबा उघडा. झोपेची गोळी आहे? एकदा दहा दिवसांसाठी लिहिलेली गोळी जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं आणली जाते. रात्री दोन वाजता लघवीला उठणारी आजी त्या गुंगीतच चालत असते. मात्र ती गोळी एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर बी.पी. झोपवून आणि मग उभं करूनही मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका आहे. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड सापडतं आणि ते हाडं पोखरतं. तेही अचानक थांबवू नये. तंबाखू, दारू आणि घटत चाललेलं वजन यांचीही गणना धोक्यातच होते.

तिसरी गोष्ट तुम्हाला कदाचित रुचणार नाही. “आई, तू पडशील, बसून राहा” असं प्रेमाने सांगून आपण तिच्या पायांतली ताकद काढून घेतो. बसून राहिलेल्या माणसाचे स्नायू लवकर झिजतात आणि मग ते उठताना हमखास पडतं. तिला रोज चालू द्या, आधार धरून खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम करू द्या. ताटात वरण, उसळ, दूध, अंडं असू द्या. “आता या वयात कशाला” म्हणून लांबवलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या.

आपण हॉलमध्ये मोठा टी.व्ही. लावतो, पण बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवायचा राहून जातो. या रविवारी तो बसवा. घसरणारी पायपुसणी काढा, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा दिवा लावा आणि झिजलेल्या सपाता फेकून द्या.

आणि एवढं करूनही आई पडलीच, उभं राहता येत नसेल, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या. ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हायला हवं. तिथेही कुणी “वय झालं” म्हणालं, तर त्यांना विचारा, “वय आम्हाला माहीत आहे. हाड का मोडलं आणि दुसरं मोडू नये म्हणून काय करायचं, ते सांगा.”