बहुरूपतेचा भार कोणी वाहावा?

एकाच नावाची क्रिया वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंनी आपापल्या रीतीने पार पाडावी, या सोयीला संगणकशास्त्रात बहुरूपता म्हणतात. आकृत्यांच्या यादीतील प्रत्येकीला क्षेत्रफळ विचारले की वर्तुळ एका सूत्राने उत्तर देते, आयत दुसऱ्या, आणि विचारणाऱ्या प्रोग्रामरला समोर नेमके कोण आहे हे ठाऊक असण्याची गरज राहत नाही. ही सवलत प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्राला मात्र मिळत नाही. कोणते सूत्र वापरायचे हे त्याला दर वेळी ठरवावेच लागते.

योग्य सूत्राच्या या शोधाचा प्रत्यक्ष खर्च समजला जातो त्यापेक्षा कमी असतो. वस्तूसोबत तिच्या मेथडींचा, म्हणजे तिच्या क्रिया पार पाडणाऱ्या फंक्शनांचा, एक तक्ता जोडलेला असतो, त्यातून पत्ता वाचायचा आणि त्या पत्त्यावर उडी घ्यायची, एवढेच ते काम आहे. एकाच ठिकाणाहून बहुतेक वेळा एकच उडी घेतली जात असेल, तर आजचे प्रोसेसर तिचा अंदाजही अचूक बांधतात. खरे नुकसान होते ते इनलायनिंग हुकल्यामुळे. इनलायनिंग म्हणजे लहान फंक्शनला बोलावण्याऐवजी त्याचा मजकूरच बोलावण्याच्या जागी उतरवून घेणे. असे झाले की पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या तपासण्या गळतात, आधीच ठाऊक असलेल्या किमतींची गणिते कंपायलर स्वतःच उरकतो आणि लूपमध्ये न बदलणारे काम लूपच्या बाहेर जाते. कोणते फंक्शन बोलावले जाणार हेच कंपायलरला ठाऊक नसेल, तर यातले काहीच शक्य होत नाही.

ब्राउझरच्या जगात या अडचणीवरचा पहिला उपाय जावास्क्रिप्टच्या जन्माआधीच तयार होता. स्मॉलटॉक या भाषेसाठी डॉइच आणि शिफमन यांनी 1984 मध्ये अशी योजना मांडली की मेथड जिथून बोलावली जाते त्याच जागी मागच्या शोधाचे उत्तर टिपून ठेवावे आणि पुढच्या वेळी वस्तू त्याच प्रकारची निघाली तर तेच उत्तर वापरावे. सेल्फ या भाषेवर काम करणाऱ्या होल्झले, चेंबर्स आणि उंगर यांनी 1991 मध्ये ही टिपणवही अनेक प्रकारांसाठी वाढवली. सेल्फच्या गटात काम केलेले लार्स बाक यांच्या नेतृत्वाखाली घडलेले व्ही-८ हे इंजिन 2008 मध्ये क्रोमसोबत आले, तेव्हा हाच वारसा ब्राउझरमध्ये उतरला. जावास्क्रिप्टमध्ये वस्तूचा प्रकार आधी जाहीर होत नसल्याने व्ही-८ प्रत्येक वस्तूला तिच्या गुणधर्मांच्या नावांवरून व क्रमावरून एक अंतर्गत आकार बहाल करते. एका जागी एकच आकार येत राहिला तर काम सर्वांत वेगाने होते, चारपर्यंत आकार त्या जागेच्या टिपणात मावतात, आणि त्यापुढे प्रत्येक वेळी सामाईक कोशात शोध घ्यावा लागतो. नाव आधी व वय नंतर नोंदवलेली वस्तू आणि वय आधी व नाव नंतर नोंदवलेली वस्तू इंजिनच्या लेखी भिन्न आकारांच्या ठरतात, हे अनेक अनुभवी प्रोग्रामरांच्याही ध्यानात येत नाही.

जावा, कोटलिन, डार्ट यांसारख्या भाषांतील प्रोग्राम वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरसाठीच्या द्विमान आज्ञासंचात, रूपांतरित होऊ लागले तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहिला. गूगल शीट्सचे आकडेमोडीचे इंजिन मुळात जावात लिहिलेले असून 2013 पासून ते जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होऊन ब्राउझरमध्ये चालत होते. ते वेबअसेम्ब्लीत आणले गेले तेव्हा पहिली आवृत्ती जावास्क्रिप्टच्या सुमारे दुप्पट संथ निघाली. कारणे एकाहून अधिक होती; तथापि संभाव्य मेथडीचा अंदाज बांधून केलेले इनलायनिंग आणि बहुरूपी कॉलचे थेट कॉलमध्ये रूपांतर, हे जावास्क्रिप्ट इंजिनांनी वर्षानुवर्षे घोटलेले दोन उपाय लागू होताच आकडेमोडीचा वेळ सुमारे 40 टक्क्यांनी सुधारला, आणि इतर सुधारणांनंतर अंतिम आवृत्ती जावास्क्रिप्टच्या सुमारे दुप्पट वेगवान झाली. भाषा तीच होती आणि तिच्यातील बहुरूपताही तशीच होती. बदलले ते मुख्यतः कंपायलर आणि ब्राउझर.

म्हणूनच वेगासाठी क्लासची रचना मोडून सारे काही एका लांबलचक अटींच्या साखळीत कोंबावे, हा सरसकट दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. व्ही-८च्या विकसकांनी 2025 मध्ये वेबअसेम्ब्लीसाठी अंदाजाधारित इनलायनिंग आणि अंदाज चुकल्यास साध्या संहितेकडे परतण्याची सोय जाहीर केली, तेव्हा डार्टच्या छोट्या चाचण्यांत सरासरी 50 टक्क्यांहून अधिक, पण मोठ्या, वास्तव प्रोग्राममध्ये 1 ते 8 टक्के इतकाच लाभ दिसला. या तफावतीवरून असे दिसते की बहुरूपतेचा भार साऱ्या प्रोग्रामवर सारखा पसरलेला नसून काही मोजक्या, लाखो वेळा फिरणाऱ्या लूपांमध्ये साचलेला असतो. मोजमाप करून ते लूप शोधावेत आणि तेवढ्याच जागी एकरूप, म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तू येतील असे, लेखन करावे. उरलेल्या ठिकाणी वाचनीय रचना मोडणे हे पुढे तो प्रोग्राम सांभाळणाऱ्यांवर अन्याय करणारे आहे.

मोठी जबाबदारी कंपायलर लिहिणाऱ्यांची आहे. ब्राउझरमधील अंदाजाधारित उपायांना निरीक्षणासाठी वेळ लागतो, कारण प्रोग्राम काही काळ संथ चालल्यावरच कोणता प्रकार वारंवार येतो हे इंजिनला कळते. साध्या फोनवर वीस सेकंदांसाठी पान उघडून बंद करणाऱ्या वापरकर्त्याच्या वाट्याला बहुधा तो संथ काळच येतो. संपूर्ण प्रोग्राम समोर असलेल्या कंपायलरला मात्र एखाद्या मेथडीची दुसरी आवृत्ती कुठेच नाही, हे आधीच सिद्ध करता येते आणि तो कॉल पान उतरवण्यापूर्वीच थेट करता येतो. प्रत्येक प्रकारासाठी मेथडीची स्वतंत्र प्रत काढण्याचा दुसरा मार्गही आहे, पण त्याने फाइल फुगते आणि तोच वापरकर्ता ती वाढीव फाइल उतरवण्यात वेळ आणि डेटा खर्च करतो. त्यामुळे ब्राउझरसाठी तयार होणाऱ्या कंपायलरची परीक्षा घेताना निरीक्षण पूर्ण होऊन तापलेल्या इंजिनावरील सर्वोच्च वेगाबरोबर पहिल्या काही सेकंदांतील वेग आणि उतरवलेल्या फाइलचा आकार हे दोन्ही आकडे प्रसिद्ध होणे आवश्यक आहे.